चूक तीच, भाव वेगळा

औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंत झाली. नसबंदीची शस्त्रक्रिया त्याच मुक्कामात करून घ्यायची, असे आधीच ठरले होते. तीन दिवसांनी ती झाली. मग ताप चढला, पोटात कळा येऊ लागल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत टॉवेल सापडला. बाळंतपणापासून दोन आठवड्यांत बाई गेली. कुटुंबाने पावणेदोन लाखांचा दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तेही काढून घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो ३६ हजारांचा हुकूम सरकारविरुद्ध पुन्हा कायम केला तो १९९६ च्या फेब्रुवारीत. म्हणजे तेहेतीस वर्षांनी. सार्वजनिक इस्पितळ चालवणे हे काही राजसत्तेचे खास काम नव्हे, त्यामुळे सरकारला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. तत्त्व मोठे होते. रक्कम मात्र १९६३ च्या मापाचीच राहिली.

आता दुसरे प्रकरण. अमेरिकेत राहणारे एक बंगाली जोडपे १९९८ मध्ये सुटीसाठी कोलकात्याला आले. पत्नी बालमानसतज्ज्ञ होती. अंगावर पुरळ उठले, स्टेरॉइडचे इंजेक्शन नको इतक्या मात्रेत दिले गेले, आजार चिघळला. आधी कोलकात्याच्या एएमआरआय इस्पितळात आणि मग मुंबईच्या ब्रीच कँडीत हलवूनही ती वाचली नाही. तिचे पती डॉ. कुणाल साहा पंधरा वर्षे लढले. २०१३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सुमारे ६ कोटी ८ लाख रुपये दिले. त्यातला दाव्याचा खर्च सोडून उरलेल्या रकमेवर तक्रारीच्या तारखेपासून सहा टक्के व्याज. व्याजासह आकडा अकरा कोटींच्या पुढे गेला.

दोन्हीकडे एक बाई दवाखान्याच्या चुकीने गेली. मग ३६ हजार कुठे आणि सहा कोटी कुठे? काळ बदलला, रुपया घसरला, हे खरेच. पण एवढ्याने हे अंतर भरून निघत नाही. कारण निकालपत्रातल्या तक्त्यात आहे. असे निकाल हातात आले की मी आधी तो तक्ता शोधते. बाकीची शंभर-दीडशे पाने नंतर.

साहा प्रकरणातला तक्ता असा. पत्नीचे वार्षिक उत्पन्न न्यायालयाने ४० हजार डॉलर धरले. पुढे बढती झाली असती म्हणून त्यात तीस टक्के वाढ. एकूण रकमेतून एक तृतीयांश वजा, कारण ती जगली असती तर तेवढे स्वतःवर खर्च केले असते. उरलेल्याला तीस वर्षांनी गुणायचे आणि डॉलरला ५५ रुपये धरायचे. उत्तर ५ कोटी ७२ लाख ५५०. हा झाला उत्पन्नाचा भाग. वैद्यकीय उपचारांचे ७ लाख, मुंबईतल्या प्रवासाचे आणि राहण्याचे साडेसहा लाख, दाव्याच्या खर्चाचे साडेअकरा लाख. मरण्यापूर्वी तिने सोसलेल्या यातनांचे १० लाख. आणि पत्नीचा सहवास गेला त्याबद्दल पतीला १ लाख.

या बेरजेत शंभरातले चौऱ्याण्णव रुपये पगाराचे आहेत. कातडी सोलवटून निघण्याच्या त्या आजारात तिने जे भोगले त्याला शंभरातले पावणेदोन रुपयेही मिळाले नाहीत. सहवासाच्या एका लाखाबद्दल तर बोलायलाच नको.

कायद्याचे म्हणणे साधे आहे. भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे. जे गेले ते पैशाने जितके भरून देता येईल तितके द्यायचे. म्हणून चूक किती मोठी, यावर रक्कम ठरत नाही. नुकसान किती, यावर ठरते. क्षणभराचे दुर्लक्ष असो की ढळढळीत बेफिकिरी, निष्काळजीपणा एकदा सिद्ध झाला की हिशेब एकच. आणि नुकसान मोजायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे पगाराची पावती. यातना मोजायला पावती नसते.

हा हिशेब आला रस्त्यावरच्या अपघातांतून. मोटार अपघाताच्या दाव्यात वयानुसार ठरलेला गुणक असतो: पंचविशीपर्यंत अठरा, पुढे उतरत उतरत पासष्टीनंतर पाच. वार्षिक उत्पन्नातून खर्च वजा करायचा, गुणकाने गुणायचे, वर अंत्यविधी वगैरेंचे ठरीव आकडे घालायचे. लाखो दावे झटपट निकाली काढायला ही सोय बरी आहे. दवाखान्यातल्या प्रकरणांना हे गणित जसेच्या तसे लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आणि साहा निकालात तेच पुन्हा म्हटले. साहांना ठरीव गुणकाऐवजी तीस मिळाले ते त्यामुळे. पण गुणक बदलला तरी गुणायचे कशाला, ते बदलले नाही.

हैदराबादचे प्रकरण मात्र मुळातून पाहण्यासारखे आहे. वीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. छातीत गाठ, तीही साधी. १९९० मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा कमरेखाली कायमचा अधू झाला. मणक्याजवळची गाठ असूनही न्यूरोसर्जन सोबत घेतला नव्हता. संमती घेतली होती ती तपासणीपुरता तुकडा काढण्याची. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने साडेपंधरा लाख दिले. तोवर हा तरुण सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरीला लागला होता. सर्वोच्च न्यायालयात त्याने चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि एक कोटी मिळवले. तिथला तक्ता वाचताना वेगळेच काही दिसते. नर्सचा महिन्याचा पगार, ड्रायव्हर, फिजिओथेरपी, पुढच्या आयुष्यातले औषधपाणी. या माणसाला जगायला रोज काय लागेल, हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि त्याचा हिशेब मांडला.

चेन्नईच्या एगमोर सरकारी इस्पितळात १९९६ मध्ये जन्मलेल्या, दिवस पूर्ण न भरलेल्या मुलीचेही तसेच. अशा बाळांचे डोळे वेळीच तपासावे लागतात. कोणी तपासले नाहीत, कोणी पालकांना सांगितलेही नाही. दृष्टी कायमची गेली. राष्ट्रीय आयोगाने पाच लाख ठरवले होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एक कोटी ऐंशी लाखांवर नेले. आज बँकेत ठेवलेली रक्कम तिच्या पन्नाशीत किती उरेल, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. महागाई धरली वर्षाला एक टक्का! हा दर न्यायमूर्तींना कुठल्या बाजारात मिळाला, ते विचारून मलाही तिथे किराणा भरायला जायचे आहे. तरी महागाई धरली, हेच आपल्याकडे पुष्कळ.

या दोन निकालांमुळे एक विचित्र गोष्ट उघडी पडते. रुग्ण अधू होऊन जगला तर न्यायालय त्याच्या गरजा मोजते. मेला तर त्याचा पगार मोजते. मेलेल्याला गरजा नसतात ना. म्हणून निवृत्त माणूस, शेतमजूर, शाळकरी पोर किंवा घर सांभाळणारी बाई दवाखान्यात दगावली तर तो मृत्यू स्वस्तात पडतो. दवाखान्यांची बाजू लढवणाऱ्या वकिलांना हे पाठ असते. ‘कमावते कोण होते?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

गृहिणीच्या कामाचा भाव ठरवताना तर न्यायालयांची फार ओढाताण झाली. जमशेदपूरला १९८९ मध्ये टाटा स्टीलच्या समारंभात आग लागून अनेक बायका-मुले दगावली. भरपाई ठरवायचे काम माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याकडे आले. त्यांनी गृहिणीच्या श्रमाचे मोल वर्षाला १२ हजार धरले. सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये ते फारच कमी वाटले. त्याने महिन्याला ३ हजार केले. पुढे भोपाळच्या एका खासगी इस्पितळात डेंग्यूने गेलेल्या छप्पन्न वर्षांच्या गृहिणीचे प्रकरण आले. राज्य आयोगाने सहा लाख दिले होते, राष्ट्रीय आयोगाने तेही रद्द केले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा लाख आणि नऊ टक्के व्याज दिले. न कमावणाऱ्या जोडीदाराच्या घरातल्या योगदानालाही आर्थिक मोल आहे, असे त्या निकालात लिहिले आहे. लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचेच चिरंजीव. एका घराण्यातल्या दोन पिढ्यांत बाईच्या कामाचा भाव चढला, असे म्हणायला हरकत नाही. पण तिथेही बाईच्या जगण्याचे मोल ठरवायला आधी तिचा काल्पनिक पगार काढावा लागलाच.

माझे म्हणणे एवढेच: उत्पन्नाचा भाग वेगवेगळा राहू द्या. डॉक्टर बाईच्या आणि मजूर बाईच्या कुटुंबाचे पैशातले नुकसान सारखे नसते, हे नाकारून चालणार नाही. पण यातना आणि माणूस गमावणे या दोन सदरांखाली देशभर एक ठरीव किमान रक्कम हवी, ती भरीव हवी आणि ती रुग्णाच्या मिळकतीकडे न पाहता मिळायला हवी. मोटार अपघातांत सहवासासाठी ४० हजारांचा आकडा २०१७ मध्ये घटनापीठाने ठरवून दिला, दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढही सांगितली. म्हणजे आकडा ठरवता येतो. तो ४० हजार असावा, याला मात्र माझा विरोध आहे.

डॉक्टर मंडळी यावर म्हणतील, रकमा अशा वाढल्या तर विम्याचे हप्ते वाढतील आणि प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय लिहून द्यावा लागेल. ही भीती खोटी नाही. पण निष्काळजीपणा सिद्ध करणे आपल्याकडे मुळीच सोपे नाही. त्या क्षेत्रातला सामान्य कुवतीचा सावध डॉक्टर जे करेल ते केले असेल, तर रुग्ण दगावला तरी डॉक्टर दोषी नाही. ही १९५७ ची इंग्लंडमधली कसोटी आपल्या न्यायालयांनी २००५ मध्ये पुन्हा उचलून धरली आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर पायरी आणखी वर नेली. ठरीव रकमेचा प्रश्न ही चाळण पार केल्यानंतरचा आहे. आणि खरे सांगायचे तर ठरीव आकड्याने विमा कंपनीलाही अंदाज बांधता येतो. लहरीवर ठरणाऱ्या रकमेने येत नाही.

याहून मोठी विसंगती दाराशीच आहे. ग्राहक कायदा लागतो पैसे मोजणाऱ्या रुग्णाला. १९९५ च्या प्रसिद्ध निकालाने डॉक्टर या कायद्याखाली आले, पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती इस्पितळे बाहेर राहिली. आता गंमत पाहा. २०१९ च्या कायद्यानुसार कुठल्या आयोगाकडे जायचे आणि फी किती भरायची, हे तुम्ही दवाखान्याला दिलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. चाळीस हजारांचे बिल भरलेला माणूस जिल्हा आयोगात कोट्यवधींची मागणी करू शकतो, तीही बिनफीची. सगळ्यांना फुकट उपचार देणाऱ्या सरकारी इस्पितळात बायको गमावलेल्या मजुराने दिवाणी कोर्टात तीच मागणी केली, तर मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी. माफीचा अर्ज करता येतो, पण तो अर्जही आधी चालवावा लागतो. औरंगाबादचे ते कुटुंब आज असते तरी ग्राहक आयोगाचे दार त्याला उघडलेच असते असे नाही. ही तरतूद बदलायला संसदेला कुठल्याही न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही.

तोवर ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी. दवाखान्याकडे लेखी अर्ज करून इनडोअर केस पेपर मागा. ७२ तासांत ते देण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी घातले आहे आणि रुग्णाचा तो हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला होता. रिक्षाच्या भाड्यापासून नर्सच्या पगारापर्यंत प्रत्येक खर्चाची नोंद ठेवा. घरातली बाई गेली असेल तर ती रोज काय काय करत होती, ते तक्रारीत सविस्तर लिहा. वकील नको म्हणाला तरी लिहा. आणि ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे.