दोन भाऊ, दोन भाषा

मागच्या महिन्यात जयेंद्रगंजातच एका नातेवाइकांकडे सत्यनारायण होता. माझी आतेबहीण कादंबरी लिहितेय, ही बातमी प्रसादाच्या वाटीबरोबर घरभर फिरली. ती हिंदीत लिहितेय हे कळल्यावर एक काका जरा नाराज झाले.

"मराठी घरातली मुलगी तू, आणि हिंदीत लिहितेस?"

"काका, मराठीत लिहिलं तर तुम्ही वाचाल का?"

काकांचं लक्ष एकदम शिऱ्यातल्या केळ्याकडे गेलं. तेवढ्यात कोणीतरी तिची बाजू घेतली, "अहो, मुक्तिबोधसुद्धा हिंदीतच लिहायचे. आपलेच होते की!" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, त्यांच्या धाकट्या भावाचं कोणी काही वाचलंय का? धाकटा भाऊ लेखक होता, हेच खोलीतल्या बहुतेकांना नवीन होतं.

गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला जन्मले. आता चित्त्यांमुळे सगळ्यांना माहीत झालेलं हे श्योपूर तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होतं. वडील संस्थानच्या पोलिसात, त्यामुळे घर बदल्यांबरोबर फिरत राहिलं. १९३० मध्ये हा मुलगा उज्जैनहून ग्वाल्हेर बोर्डाच्या मिडलच्या परीक्षेला बसला आणि नापास झाला. (परीक्षेच्या दिवसांत घरोघरी सांगण्यासारखी गोष्ट आहे.) आई प्रेमचंद वाचायची. आईनेच मला प्रेमचंदांचा भक्त केलं, असं सांगणारा त्यांचा एक लेखच आहे. मराठी घरात आईच्या हातात हिंदी कादंबरी! आपल्याकडे ही परिस्थिती आजची नाही.

धाकटे शरच्चंद्र १९२१ चे, इंदूरला जन्मलेले. घर तेच, माळवा तोच, पण ते मराठीत लिहू लागले. आधी कविता, मग 'क्षिप्रा' ही कादंबरी १९५४ मध्ये, पुढे 'सरहद्द' आणि १९६९ मध्ये 'जन हे वोळतु जेथे'. तिन्ही मिळून एकच मोठी गोष्ट होते. बिशू नावाच्या मुलाचं वाढणं, माळव्यातली मराठी घरं, बेचाळीसची चळवळ असं सगळं तिच्यात येतं. म्हणजे आपल्या पणज्या-आजोबांची दुनिया. पुढे ते नागपूरला प्राध्यापक होते आणि समीक्षाही लिहीत. साहित्याचं मोल नुसत्या सौंदर्यावर ठरत नाही, त्यातल्या 'मानुषते'वर ठरतं, असा त्यांचा आग्रह होता. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो समीक्षेच्या पुस्तकाला.

मला खटकतं ते इथेच. हिंदीत लिहिणारा भाऊ आपण अभिमानाने 'आपला' म्हणून सांगतो. आपल्याच भाषेत, आपल्याच घरांबद्दल लिहिणारा भाऊ आपल्या कपाटात नाही. मग आतेबहिणीने मराठीत लिहावं, हे आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिचा हिशोब साधा आहे. हिंदी पुस्तक ग्वाल्हेर, भोपाळ, पाटणा, दिल्ली कुठेही विकलं जाऊ शकतं. मराठी पुस्तक मुख्यतः पुण्या-मुंबईत छापायचं आणि तिथल्या वाचकाने घ्यायचं. त्या वाचकाला लष्करातली मराठी, तिच्यातलं अर्धं हिंदी, आपले बाडे आणि छत्र्या हे सगळं परकं. ज्यांना परकं नाही, ते आपण, पुस्तक घेत नाही. मी 'क्षिप्रा' शोधायला इथल्या तीन दुकानांत गेलो. एका ठिकाणी मला उज्जैनच्या नकाशाचं पुस्तक दाखवलं. याच गावात १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं होतं. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा अभ्यास लिहिणाऱ्या बाई आपल्या गावात येऊन गेल्या आणि आता इथे मराठी कादंबरी मिळत नाही.

पण हिंदीत लिहिलं की सगळं सोपं, असंही नाही. थोरल्या मुक्तिबोधांचं 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक होतं. १९६२ मध्ये आपल्याच मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली आणि हा घाव त्यांच्या मनाला फार लागला. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले. ज्या कवितांमुळे आज हिंदीत त्यांचं नाव एवढं मोठं आहे, त्यांचा 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला संग्रह छापलेला त्यांना बघायला मिळाला नाही. आयुष्यभर लिहिलं, पण नावावर स्वतःचा एक कवितासंग्रह नाही! बहिणीला मी हेही सांगितलं. ती म्हणाली, "दादा, घाबरवतोयस की धीर देतोयस?" दोन्ही, असं म्हणालो.

तिने हिंदीतच लिहावं, असं माझं मत आहे. ज्या भाषेत तिला राग येतो आणि स्वप्नं पडतात, तीच तिची लिहायची भाषा. मात्र दोन्ही मुक्तिबोधांना दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून त्यांना निवड करता आली. आमच्या पिढीला मराठी बोलता येतं, पण वाचताना बोट ओळीखाली ठेवावं लागतं. मग निवड कसली, जे उरलंय तेच घ्यायचं.

आता थोडं कामाचं, माझ्या धंद्यातलं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. थोरल्या मुक्तिबोधांचं १९६४ पर्यंत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२५ पासून कोणीही इंटरनेटवर टाकू शकतं. धाकटे १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्यासाठी २०४५ उजाडावं लागेल. तोवर माझी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असेल. मध्ये कोणा प्रकाशकाने मनावर घेतलं तर ठीक, नाहीतर जुनी प्रतच शोधायची.

तशी एक प्रत पुण्याच्या मित्राने अप्पा बळवंत चौकातून मिळवून पाठवली आहे. पानं पिवळी पडलीत, पण सगळी शाबूत आहेत. मंडळातल्या सहा जणांनी नंबर लावलाय. त्यातल्या दोघांनी विचारलंय, वाचून दाखवशील का? रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे या. चहा मिळेल.