आजोबांची रायफल आहे, काडतुसं मिळत नाहीत; घरी भरली तर?

परवान्याची जुनी रायफल, पण तिची काडतुसं बनणंच बंद. मग रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायच्या? अजिबात नको. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. तो नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं तुरुंगवास, कमाल जन्मठेप. जुन्या हौसेसाठी भलतीच महाग किंमत!

आणि मारणार काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हौशी शिकार बंदच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात रानडुकरांनी उभं पीक लोळवलं, तर वनविभाग लेखी परवानगी देऊ शकतो. कर्जतच्या रेहेकुरीतलं काळवीट मात्र अनुसूची १ मधलं; तिथे पिकाचं नुकसान हे कारण चालत नाही. शेतकऱ्याने भरपाईचा अर्ज करायचा आणि पंचनाम्याची वाट पाहायची.