घर बांधताना राहायचे कुठे?

रमाई आवास योजनेचा पहिला हप्ता खात्यात आला की घरात आनंद होतो. जुने पत्रे उतरतात, भिंती पडतात, मिस्त्री कामाला लागतो. शहरात अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला या योजनेतून अडीच लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तेही काम बघून, हप्त्याहप्त्याने. हे पैसे भिंतींचे आणि छताचे. जुने घर पडल्यापासून नवे उभे राहीपर्यंत लेकरे, म्हातारी माणसे, बाळंतीण कुठे राहतील, याचा हप्ता त्यात नाही. आणि आजारपण नेमके याच महिन्यांत घरात शिरते.

नाशिकच्या फुलेनगरपासून जेल रोडपर्यंतच्या वस्त्यांत आम्ही फिरतो. कोणी भावाच्या एका खोलीत आठ जण राहतात, कोणी भाड्याने जातात, कोणी बांधकामाशेजारीच ताडपत्री टाकतात. पुढचा हप्ता लांबला की काम थांबते. दोन महिन्यांची सोय मग अख्खा पावसाळा काढते.

सर्वांत मोठा धोका औषध तुटण्याचा. क्षयाच्या रुग्णाला किमान सहा महिने रोज गोळी घ्यावी लागते. मधेच सोडली तर जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत आणि पुढचा उपचार लांब व अवघड होतो. पंचवटीतून नाशिकरोडला राहायला गेलात तर उपचारही तिकडच्या केंद्रात नेता येतो. निक्षय क्रमांक देशभर एकच असतो, पोषण आहाराचे महिन्याचे हजार रुपयेही थांबायला नकोत. फक्त जाण्याआधी आपल्या केंद्रात सांगा. बाळाचे लसीकरण कार्ड, गरोदर बाईचे कार्ड, बीपी-शुगरच्या चिठ्ठ्या सामानाच्या तळाशी घालू नका, एका पिशवीत हाताशी ठेवा.

दुसरा त्रास बायांचा, आणि तो कोणी बोलत नाही. संडास लांब, रात्री अंधार. म्हणून बाया संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. मग जळजळ, ताप. ही लाजेची गोष्ट नाही, दुखणे आहे. दवाखान्यात जा.

तिसरा धोका पाण्याचा. स्लॅबवर बांध घालून साठवलेले पाणी आणि उघडे ड्रम यांत डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. ड्रम झाका, आठवड्यातून एकदा कोरडा घासा. स्लॅबवर पाणी साठवण्याऐवजी ओली पोती टाकता येतात, मिस्त्रीला तसे सांगा. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक. ओले करून अख्खे उतरवा.

आणखी एक. भाडे परवडत नाही म्हणून ओल्या प्लास्टरच्या घरात घाईने राहायला जाऊ नका. ओलीने दमेकऱ्याचा दमा वाढतो. परित्राणपाठाची तारीख आठ-पंधरा दिवस पुढे गेली तरी चालेल.

पण सगळा भार घरच्यांवर टाकून चालणार नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाला कुटुंबांना संक्रमण शिबिर किंवा भाडे द्यावे लागते. म्हणजे मधल्या काळात माणसाला छप्पर लागते, हे शासनाला मान्य आहे. मग जो गरीब स्वतःचे घर स्वतः बांधतो, त्यालाच ते का नाही? रमाई आवासमध्ये भाड्याची रक्कम हवी, हप्ते वेळेवर हवेत, आणि वस्तीतले सार्वजनिक संडास रात्रभर दिव्यासह उघडे हवेत. या मागण्या घेऊन आपण महापालिकेत आणि समाजकल्याण कार्यालयात गेले पाहिजे.

तोवर विहार समित्यांनी एक काम हाती घ्यावे. कोणते कुटुंब सध्या घराबाहेर आहे, कुठे आहे, त्यात गरोदर, तान्हे, गोळ्या चालू असलेले कोण, याची वही ठेवावी आणि दर महिन्याला आशाताईंना दाखवावी. वहीला खर्च वीस रुपये. तेवढ्याने एखाद्याची गोळी तुटायची वाचेल.