हुकूम आणि कंडी

फराळाच्या ताटात ही एक कारल्याची फोड वाढतो आहे. वाचकांनी रागावू नये.

सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला २३ मार्च २०२० रोजी एकाच कुटुंबातले चौघे कोरोनाबाधित ठरले. दुसऱ्या दिवशी रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि बाराला देश बंद! राज्याने आधार घेतला तो प्लेगच्या काळातल्या, १८९७ सालच्या कायद्याचा. साथ नवी, पण सरकारची भाषा जुनीच, हुकमाची. रोज आकडे आले, नियम आले. कारणे मात्र क्वचित. आणि हुकूम जे कारण सांगत नाही, ते कंडी सांगते. ती मोबाइलवर पिकली.

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून आपली सुटका नाही. ज्या मुंबईच्या मनिऑर्डरवर साताऱ्याची खेडी जगली, तिथून परतलेल्या आपल्याच पोराला वेशीवर अडविणारे हात कोणाचे होते? इस्लामपूरचे ते चौघे मिरजेच्या सरकारी रुग्णालयात बरे झाले. भीतीची बातमी शंभर ठिकाणी धाडणाऱ्या अंगठ्याने ही बातमी किती ठिकाणी धाडली?

सरकारने कारणासह बोलावे, हे हक्काने मागू या. पण खात्री होईपर्यंत अंगठा आवरू, एवढी शपथ यंदाच्या पणतीसमोर आपणही घेऊ या.