वात बदलताना दिवा विझू नये

गाडीची बॅटरी बदलायची म्हणजे काय मोठेसे? दोन नट सोडवायचे, जुनी उचलायची, नवी ठेवायची, दोन नट आवळायचे. दहा मिनिटांचे काम! माझीही अशीच समजूत होती. पण तीन-साडेतीन वर्षांपूर्वी बंगळूरला आमच्या घराजवळच्या एका गॅरेजात हे दहा मिनिटांचे काम झाले आणि आमचा अर्धा दिवस गेला.

झाले असे, की पोऱ्याने नवी बॅटरी जोडली आणि 'खट्' असा आवाज होऊन चारही दारे आपोआप बंद झाली. किल्ली आत आणि मागच्या सीटवर सासूबाईंच्या इन्शुलिनची पिशवी! मे महिन्याचे ऊन. इन्शुलिनला उष्णता सोसत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. यांनी ऑफिसातून रिक्षाने घरी जाऊन दुसरी किल्ली आणेपर्यंत आम्ही दोघी काचेतून पिशवीकडे बघत उभ्या होतो. पुढे रेडिओ कोड मागू लागला, ड्रायव्हरकडची काच एका बोटात वर जाईना आणि सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायची. चार दिवस हाच खेळ. सासूबाईंनी निकाल दिला, "बॅटरी बदलली की गाडीला वेड लागते."

वेड नव्हे, विसर! हा विसर का पडतो आणि तो टाळता कसा येतो, ते मला कळले गेल्या जानेवारीत, कुंभकोणमला.

कुंभकोणमची ती सकाळ

कुंभकोणम हे कावेरीकाठचे देवळांचे गाव. तंजावरपासून साधारण चाळीस किलोमीटर. आपल्या नाशिकचा आणि या गावाचा एक धागा जुळतो. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि इथल्या तळ्यावर महामहम. मागचा महामहम २०१६ च्या फेब्रुवारीत झाला. आम्ही मात्र गेलो होतो नवग्रहांसाठी. नऊ ग्रहांची नऊ देवळे या परिसरात विखुरलेली आहेत आणि ती करायची तर गाडी हाताशी हवीच.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, गाडीने नुसतेच 'टक-टक' केले. दिवे लागत होते, घड्याळ चालू होते, पण इंजिन उठेना. लॉजचे मॅनेजर धावून आले आणि चक्क मराठीत बोलू लागले! व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर भागात मराठी घराणी वसली आहेत, त्यांच्यापैकीच ते. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. सासूबाई तर हरखूनच गेल्या. त्यांनीच फोन करून मेकॅनिकला बोलावले.

साठीचे मेकॅनिक आणि त्यांचा तरुण मदतनीस आला. मदतनीस म्हणाला, "दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करू आणि इंजिन चालू ठेवूनच बॅटरी बदलू, म्हणजे काही पुसले जाणार नाही." यांनी लगेच मान डोलावली. सासरे त्यांच्या अँबेसेडरची बॅटरी असेच बदलायचे म्हणे! मेकॅनिकअण्णांनी मात्र हात आडवा केला. मॅनेजरसाहेब दुभाषे झाले. घड्याळात साडेदहा वाजत होते. शुक्रवारचा राहूकाळ साडेदहा ते बारा, तेव्हा नवी वस्तू बसवायची नाही, असेही अण्णांनी सांगितले. सासूबाईंना हा माणूस पटला. मग पितळी डवरा-टंबलरमधून डिग्री कॉफी आली आणि आमची शिकवणी सुरू झाली.

गाडी काय लक्षात ठेवते?

जुन्या गाडीत बॅटरी काढली तर फार तर घड्याळ थांबे. आता कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर आला. इंजिन उभ्या गाडीत किती फेऱ्यांवर ठेवायचे, पेट्रोल किती सोडायचे, हे तो चालवता चालवता शिकतो. काच नेमकी कुठे थांबते, रेडिओवर कोणती केंद्रे लावली आहेत, हेही कुठेतरी नोंदलेले असते. यातल्या काही नोंदी कायमच्या असतात, पण काहींना सतत थोडी वीज लागते. ती तुटली की पाटी कोरी.

ही वीज लागते तरी किती? इंजिन उठवायला शंभर-दोनशे अँपियर लागतात. गाडी बंद असताना आठवण जपायला मात्र काही मिलिअँपियर पुरतात. म्हणूनच आमची थकलेली बॅटरी इंजिन उठवू शकत नव्हती, तरी घड्याळ चालवत होती.

मग इंजिन चालूच ठेवले तर काय बिघडते? अण्णा म्हणाले, बॅटरी ही नुसती विजेची टाकी नाही, ती धक्के पचवणारी गादीही आहे. चालू इंजिनात ती एकदम काढली, तर अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो. एरवी चौदा व्होल्टच्या आसपास असणारा हा दाब त्या क्षणी ८० ते १०० व्होल्टपर्यंतही जाऊ शकतो. काही अल्टरनेटरमध्ये तो आवरण्याची सोय असते, पण त्या भरवशावर राहू नये. अँबेसेडरमध्ये जळायला कॉम्प्युटरच नव्हता! घड्याळाची वेळ वाचवायला जावे आणि कॉम्प्युटर घालवून बसावे, असा हा सौदा.

दुसरा दिवा

बारा वाजून गेल्यावर अण्णांनी पिशवीतून बारा व्होल्टची, सात अँपियर-अवरची छोटी बॅटरी काढली. घरातल्या कॉम्प्युटरच्या यू.पी.एस.मध्ये असते तशीच. तिला दोन वायरी, मध्ये पाच अँपियरचा फ्यूज आणि टोकाला एक प्लग. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी सोळा पिनांचे एक सॉकेट असते. सर्व्हिसवाले तिथेच आपले तपासणी-यंत्र लावतात. २०१३ नंतरच्या गाड्यांत ते असतेच असे समजायला हरकत नाही. त्यात वीज सतत चालू असते. प्लग तिथे बसला आणि गाडीला दुसरा आधार मिळाला.

हे पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर नवरात्रातल्या अखंड दिव्यासारखे! वात बदलायची तर आधी तिच्यावरून दुसरा दिवा लावून घ्यायचा, मग पहिल्याला हात लावायचा." इतके सोपे करून मला कोणीच सांगितले नव्हते.

मैत्रिणींनो, तुम्ही स्वतः नट सोडवणार नसाल, तरी पुढचा क्रम कापून ठेवा. शेजारी उभे राहून पाहिले तरी पुष्कळ चुका टळतात.

* आधी किल्ली गाडीबाहेर, स्वतःच्या खिशात. ड्रायव्हरकडची काच खाली. औषधे, पर्स आणि मूल बाहेर. (सासूबाई या वेळी पिशवी छातीशी धरूनच उभ्या होत्या!)
* बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. लोंबणारे मंगळसूत्र आत खोचा. धातू दोन टोकांमध्ये आला तर क्षणात लाल होतो आणि खोल भाजते.
* नव्या बॅटरीची अधिक-उणे टोके जुनीसारखीच आहेत ना, ते पाहा. काही बॅटऱ्यांत ती उलट बाजूंना असतात.
* दारे, दिवे, पंखा बंद. छोटा आधार जोडल्यावर किल्ली फिरवायची नाही.
* काढताना आधी उणे, मग अधिक. बसवताना आधी अधिक, मग उणे. आधाराचा प्लग सर्वांत शेवटी काढायचा.

यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधार जोडलेला असताना अधिकची सुटी केबल जिवंत असते! बॅटरी काढली म्हणजे वीज गेली असे इथे नसते. ती केबल गाडीच्या पत्र्याला लागली की ठिणगी पडून फ्यूज जातो आणि जपलेली आठवणही जाते. छोट्याऐवजी मोठी बॅटरी जाड केबलने जोडलेली असेल, तर प्रसंग याहून वाईट. अण्णांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्या टोकावर चढवला आणि वर दोरी बांधली.

जपणे कधी नको?

सिगारेट लायटरमध्ये घालायचे असे आधारही मिळतात, पण पुष्कळ गाड्यांत ते सॉकेट किल्ली काढली की मरते. मोबाइलचा चार्जर लावून, किल्ली काढून दहा-पंधरा मिनिटे थांबा. चार्जरचा दिवा लागलेला राहिला तरच उपयोग. नऊ व्होल्टच्या छोट्या सेलवर विसंबू नका. एक दार उघडून आतला दिवा लागला, की त्याचा जीव संपतो.

आणि हेही खरे, की प्रत्येक गाडीला याची गरज नसते. नुसते घड्याळ आणि रेडिओची केंद्रेच जाणार असतील, तर सरळ बॅटरी काढलेली अधिक सुरक्षित. गाडीचे पुस्तक उघडून किंवा सर्व्हिसवाल्याला विचारून हे आधी कळते. रेडिओला कोड असेल, तर तो घरी डायरीत लिहून ठेवा. एअरबॅगचे किंवा वायरिंगचे काम असेल, तर आधार अजिबात नको. तिथे वीज पूर्ण तोडणे हीच सुरक्षितता. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना ठरावीक जातीचीच बॅटरी लागते आणि काहींत तिची नोंदही कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. बॅटरीवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांना तर घरी हातच लावू नका.

नवी बॅटरी बसली. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिले आणि उदबत्ती पेटवायला घेतली, तशी अण्णांनी काडी विझवली. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो पेट घेतो. सासूबाईंनी मुकाट्याने नुसते फूल ठेवले. जुनी बॅटरी अण्णा घेऊन गेले आणि तिची किंमत बिलातून वजा केली. तुम्हीही ती अडगळीत टाकू नका. आत शिसे आणि आम्ल असते.

किल्ली फिरवली. इंजिन एका हाकेत उठले. घड्याळ साडेबाराची बरोबर वेळ दाखवत होते, रेडिओने कोड मागितला नाही, काच एका बोटात वर गेली. आम्ही तिरुनागेश्वरमच्या, म्हणजे राहूच्याच देवळाकडे निघालो. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि पिशवी मांडीवरून खाली, शेजारी ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच!