गृहस्थाश्रमाच्या गोष्टी : जुन्या वस्तींतील प्रशस्त बिऱ्हाड

अर्नाळ्याहून विरार गांठावें आणि तेथून आगगाडीनें मुंबईस नोकरीसाठीं जावें-यावें, यांत आमच्या तरुणांचे दिवसाचे चार-पांच तास सहज खर्चीं पडतात. यास्तव "गुरुजी, गिरगांवांत मोठी जागा भाड्यानें घेऊन आईवडिलांसह राहावें काय?" असें जुने विद्यार्थी वारंवार विचारतात. प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. वृद्धांच्या निवाऱ्याचा आहे. म्हणून त्याचा थोडा ऊहापोह येथें करूं.

गिरगांवाचें आकर्षण स्वाभाविक आहे. केशवजी नाईकांच्या चाळींत सन १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे; खोताच्या वाडींतील बाहेरून जिने असलेलीं दुमजली घरें पाहिलीं म्हणजे आमच्या वसईकडील वस्तीचें स्मरण होतें. अशा भागांत उंच छताच्या, हवेशीर खोल्या अद्यापि आढळतात. परंतु प्रशस्तपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे.

सन १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचें भाडें बहुधा १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेविलें. टंचाईच्या काळांत भाडेकरूंस तें वरदान ठरलें. पण उत्पन्न गोठल्यामुळें मालकांचा डागडुजीचा उत्साहहि गोठला. पुढें शहरांतील उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती सरकारी मंडळाकडे आली. हल्लीं म्हाडाचें हें मंडळ दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतें. दिवाणखाना पाहण्यापूर्वीं ती यादी पाहावी. नंतर जिना, तुळया आणि मोरीलगतच्या भिंती नीट न्याहाळाव्या.

दुसरी गोष्ट, जागा देणारा मालक आहे कीं स्वतःच पागडीचा भाडेकरू आहे, हें विचारण्यास संकोच करूं नये. पागडीदारास मालकाच्या संमतीवांचून पोटभाडेकरू ठेवतां येत नाहीं. ठेविल्यास मालक जागा खालीं करून मागूं शकतो, आणि मग आपलेंहि बिऱ्हाड रस्त्यावर येतें. मालकाची संमति लेखी असल्यावांचून अनामत रक्कम देऊं नये.

तिसरी गोष्ट कराराची. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रांत चुकीचा आहे. ३१ मार्च २००० पासून अमलांत असलेल्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. लेखी करार नसेल, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरण्याकडे कायद्याचा कल आहे. तरी वादांत पडण्यापेक्षां कागद बरा.

आतां एक कटु सत्य. हल्लींचीं बहुतेक बिऱ्हाडें "लीव्ह अँड लायसन्स" पद्धतीचीं, म्हणजे ठराविक मुदतीच्या परवानगीचीं असतात. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क द्यावें लागतें. जुन्या भाडेकरूंच्या पिढ्या एकाच खोलींत नांदल्या. ती शाश्वति या पद्धतींत नाहीं.

म्हणून आमचें मत असें : घर भक्कम, मालक निश्चित आणि करार नोंदलेला, या तिन्ही गोष्टी जुळल्यास गिरगांवांत अवश्य राहावें. मुलांचा प्रवास वांचेल, आजी-आजोबांस नातवंडें लाभतील. परंतु त्या भरंवशावर गांवचें घर मात्र विकूं नये. मुदतीच्या बिऱ्हाडांतून परतावें लागलें, तर वृद्धांस हक्कानें उंबरठा ओलांडतां येईल असें एक दार उघडें असलेंच पाहिजे.