न आलेली मोटरसायकल

मोटरसायकलवेड्या मंडळींत बीएमडब्ल्यूच्या 'आर 10' चा विषय निघाला की एक उसासा ठरलेला. "काय डिझाइन होतं यार, बाजारात यायला हवी होती!" मला विचाराल तर आली नाही तेच बरं झालं.

थोडी पार्श्वभूमी. युद्धकाळात बीएमडब्ल्यूने मोटरसायकलींचं काम आयझेनाखला हलवलं होतं. 1945 नंतर ते गाव गेलं सोव्हिएत पट्ट्यात, ड्रॉइंग्जसकट. म्युनिकच्या कारखान्यातली यंत्रं दोस्त राष्ट्रांनी उचलून नेली. उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमची भांडी करून विकायची वेळ आली. (विमानांची इंजिनं बनवणारी माणसं ही!) मोटरसायकल बनवायला बंदी, आणि पुढे परवानगी मिळालीच तर अगदी छोट्या इंजिनाची. या अडचणीत जन्मली आर 10: 125 सीसी, टू-स्ट्रोक, आणि तरीही घराण्याची खूण असलेले समोरासमोरचे दोन सिलिंडर.

कल्पना झकासच आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आत येताना क्रँककेसमधलं मिश्रण दाबतो. बॉक्सरमध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी आत येतात, म्हणजे दोघांना मिळून एकच क्रँककेस पुरते, वर एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. असलं काही सुचलं की आपण दोन दिवस झोपत नाही.

पण कामावर जायला सायकलपेक्षा बरं काहीतरी हवंय, अशा माणसाने दोन सिलिंडर, दोन पिस्टन यांचे पैसे का मोजायचे? 1939 ची डीकेडब्ल्यू आरटी 125 तेच काम एका सिलिंडरवर करत होती. युद्धानंतर तिची नक्कल बीएसएने केली, हार्लेने केली, रशियाने केली. 1955 ची यामाहाची पहिली मोटरसायकलसुद्धा तिच्यावरूनच बेतलेली.

मग परवानगीची मर्यादा 250 सीसीपर्यंत गेली आणि बीएमडब्ल्यूने आर 10 गुंडाळून ठेवली. त्याऐवजी केलं काय? एक युद्धापूर्वीची आर 23 घेतली, नटबोल्टपर्यंत खोलली, एकेक भाग मोजला आणि ड्रॉइंग्ज नव्याने काढली. डॉक्युमेंटेशन हरवलेला जुना कोड ओळ-ओळ वाचावा, तसं. किती कंटाळवाणं! पण त्यातूनच आर 24 आली: एकच सिलिंडर, ताकद 10 वरून 12 अश्वशक्ती, तीनऐवजी चार गिअर. मार्च 1948 मध्ये जिनेव्हाला दाखवली, डिसेंबरपासून बनू लागली, 1950 पर्यंत सुमारे 12,000 गाड्या गेल्या. कारखाना जगला.

आमच्या ऑफिसात सध्या दोन गट आहेत. एकाकडे नव्या सिस्टिमचा देखणा डेमो आहे. दुसऱ्याकडे दहा वर्षं जुना बिलिंगचा कोड, ज्याला हात लावायला कुणी तयार नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी जुन्या कोडच्या बाजूने बोलणार आहे. शिव्या खाईन बहुतेक. आर 10 चा फोटो मात्र डेस्कवर लावलाय, सुंदर आहेच ती.